फ्रॉकला खिसा का नाही?

(बालवाडी शिक्षिका व पालक महिलांच्या शिबिरातील भाषण)



आपल्याकडे बाळ जन्मलं की आजीच्या जुन्या लुगड्याचं झबलं-टोपडं शिवायचे. मुलगा असो की मुलगी, झबलं तेच. आता दुकानात तान्ह्या बाळांचे कपडेही गुलाबी-निळे असे वेगळे मांडलेले असतात. ही काही निसर्गाने केलेली वाटणी नव्हे. अमेरिकेतलं कपड्यांच्या व्यापाराचं एक मासिक १९१८ साली नेमकं उलट सांगत होतं : गुलाबी ठसठशीत म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक म्हणून मुलींना!

पण मला रंगापेक्षा शिवणीची काळजी जास्त वाटते. फ्रॉक घातलेल्या मुलीला दिवसभर ऐकावं लागतं, ‘नीट बस, गुडघे झाक.’ ती दोरीच्या उड्या मारते तीही एका हाताने फ्रॉक सावरत. पाचवीपर्यंत ती मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहते आणि आपण म्हणतो, मुलींना खेळाची आवडच नसते.

आणि खिसा? मी काम करते त्या वस्तीतली एक मुलगी मला म्हणाली, “ताई, माझ्या मुठीतून पैसे पडतात, म्हणून आई दुकानात दादालाच पाठवते.” दादा तिच्याहून लहान आहे, पण त्याच्या चड्डीला दोन खिसे आहेत. हिशेब तो शिकतो.

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ साली मुलामुलींना एकच गणवेश दिला, शर्ट आणि थ्री-फोर्थ. २०२१ मध्ये बालुश्शेरीच्या मुलींच्या शाळेत पँट आली, तेव्हा मात्र विरोध झाला. मुलग्यांचे कपडे मुलींवर का लादता, असा एक आक्षेप होता. तो उडवून लावू नये असं मला वाटतं. समतेचं माप दर वेळी पुरुषाच्या अंगावरून का घ्यायचं? काष्टा घालून चिखलात लावणी करणाऱ्या आपल्या आज्यांना पाय मोकळे ठेवायला पँट लागली नव्हती. (आणि फुलाफुलांचा सदरा आवडणाऱ्या मुलग्याला ‘बायल्या’ म्हणणारे आपल्याच घरात असतात, तेही बघायला हवं.)

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतात. तुमच्यातल्या काहीजणी आहेतच. तिथे गणवेशाचं बोलणं कापडाच्या दरावर संपतं. पुढच्या बैठकीत मुलींनाच विचारा, काय घालून पळता येतं? आणि शिंप्याला विचारा, खिशाला कापड किती लागतं? वीतभर. तो सलवारीलाही लावता येतो.