भोवरा आणि रायफलची नळी

भोवरा आपण सगळ्यांनीच खेळला आहे. जाळी घट्ट गुंडाळून फेकला की तो ताठ उभा राहतो. वेग कमी पडला की डुलतो आणि आडवा होतो. रायफलच्या गोळीचंही तसंच. नळीच्या आतल्या पीळदार खाचा तिला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते.

पण पीळ किती हवा? वुलिचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी 1879 साली एक ढोबळ आडाखा दिला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, 150 नं गुणा, लांबीनं भागा. व्यास 0.308 इंच नि लांबी 1.2 इंच असेल, तर सुमारे 12 इंचांत एक फेरा हवा, लांबी 1.4 झाली, तर 10 इंचांत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शिकाऱ्यांना आज हे गणित टळत नाही. तिथली काँडर गिधाडं 1982 साली अवघी 22 उरली होती. शिकारीतल्या शिशाची विषबाधा हे त्याचं एक मोठं कारण. 1 जुलै 2019 पासून तिथं शिकारीला शिशाच्या गोळ्या बंद झाल्या. तांबं शिशाहून हलकं. तेव्हा त्याच जाडीची, तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. सैल पिळाच्या जुन्या नळीतून ती डुलत जाते, नेम चुकतो, आणि जखमी जनावर रानात तडफडत राहतं. म्हणून हौसेनं घडवून घेतलेल्या रायफलची नळी बदलताना आधी गोळी ठरवावी, मग नळी.

आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली, हे बरंच झालं. पण गुरुजी, वर्ग आणि भागाकार शिकवताना वर्गात एक भोवरा जरूर न्या!