तिसऱ्या आठवड्यासाठी



 चित्रपटगृहचालक-वितरकांच्या या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी आता वर्षाचा आढावा घ्यायचा. जीएसटी, तिकीटदर, एकपडदा थिएटरांची पडझड. ते सगळं अहवालात छापलंय, सवडीने वाचा. मला एकाच विषयावर बोलायचंय आणि त्यासाठी मी बरीच वर्षं या माइकची वाट पाहतोय.

काल परिसंवादात वक्त्यांचं एकमत झालं की, जे सिनेमे आधी पडतात आणि मग कल्ट होतात, ते 'काळाच्या पुढचे' असतात. टाळ्याही पडल्या. मी हात आवरून बसलो होतो.

'जाने भी दो यारों' १९८३चा. बिल्डर, आयुक्त, संपादिका आणि कोसळलेला पूल. यात काळाच्या पुढचं काय होतं? मुंबईकर रोज सकाळी चहाबरोबर तेच वाचत होता. सरकारी एनएफडीसीचा सात लाखांच्या आतला सिनेमा, त्यात जाहिरातीला काय उरणार? पुढे दूरदर्शनवर लागला तेव्हा लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसले. मधल्या काळात प्रेक्षक शहाणा झाला नव्हता. त्याला सिनेमा बघायला मिळाला, इतकंच.

नोव्हेंबर १९९४ मध्ये, ऐन दिवाळीत, 'अंदाज अपना अपना' लागला. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी एका थिएटरचा मॅनेजर. 'हम आपके हैं कौन' ऑगस्टपासून लोकांना येडं करून बसला होता. आमच्याकडे शुक्रवार-शनिवार बाल्कनी ओस. मंगळवारी रात्री मात्र डोअरकीपर सांगत आला, "साहेब, स्टॉलमधली पोरं कालचीच आहेत, आज मित्रांना घेऊन आलीत." मी मालकांना म्हटलं, अजून एक आठवडा ठेवू. त्यांनी कलेक्शनचा कागद माझ्यापुढे सरकवला. थिएटरचं भाडंसुद्धा सुटत नव्हतं. गुरुवारी शेवटचा खेळ, शुक्रवारी पेटी परत. पोरं खिडकीवर येऊन भांडून गेली.

पुढे एसटी स्टँडजवळच्या व्हिडिओ पार्लरात त्याच सिनेमाची कॅसेट मी पाहिली. दोन परेश रावल समोरासमोर येतात तिथे चित्रावर आडव्या रेघा धावत होत्या. पोरांनी मागे घेऊन घेऊन टेप झिजवली होती! प्रेक्षकांनी नाकारलं म्हणता? त्यांचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात गेले.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ साली खर्चही भरून काढू शकला नाही. १९७४ मध्ये हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, मग टीव्ही केंद्रं दर नाताळला तो दाखवत सुटली आणि त्याचा सण झाला. कुणाच्या तरी टेबलावर एक अर्ज राहिला, ही त्या कल्टची जन्मकथा. आपल्या राही बर्वेचा 'तुंबाड' घ्या. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने २०१८पेक्षा जास्त गल्ला जमवला. त्यातला पाऊस तोच, हस्तर राक्षसही तोच.

सगळेच पडलेले सिनेमे थोर असतात असं मी म्हणत नाही. बहुतेक टाकाऊच असतात. मी ते लावलेत, मला विचारा.

एक समीक्षक मित्र म्हणतात, उशिरा का होईना, न्याय मिळतो. कुणाला मिळतो? 'कागज के फूल' १९५९ साली पडला. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव लावलं नाही. १९६४ मध्ये माणूसच गेला. छायालेखक मूर्तींनी त्यात स्टुडिओत उतरवलेला तो उन्हाचा झोत आज फिल्म स्कूलची पोरं पुन्हा पुन्हा बघतात. त्या शुक्रवारी ती पोरं कुठून आणायची होती?

म्हणून माझी मागणी आहे की, लहान सिनेमाला तीन आठवडे, दिवसाला निदान एक खेळ मिळालाच पाहिजे. सकाळी नऊचा नव्हे, माणसं येऊ शकतील असा. तूट मालक, वितरक आणि निर्माता यांनी वाटून घ्यावी. कुणी किती, ते बसून ठरवू. सरकारकडेही जाऊ, म्हणजे जावं लागेल. कोषाध्यक्ष माझ्याकडे कसे बघताहेत ते दिसतंय मला. आकडे त्यांनाच मांडावे लागणार आहेत. हे ठरवायला समिती नेमू; तिच्यासाठी नावं संध्याकाळपर्यंत चिटणिसांकडे द्या, आणि त्यात मल्टिप्लेक्सवाला निदान एक तरी हवा. मागच्या वेळी एकही आला नव्हता.