क्षयाचा जंतू आणि दगडाची धूळ



मी डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. खडी फोडणाऱ्या कामगारांच्या कागदांवरची रोगांची नावे उमजेनात, म्हणून पुस्तके उघडली.

1882 सालच्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉखने बर्लिनला क्षयाचा जंतू दाखवून दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिलीतल्या मेसिना शहरी मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा वेढा! एकाला शत्रू सापडला, दुसऱ्याला पहारेकरी. आपण मात्र शत्रूचेच नाव घेत राहिलो.

जंतू छातीत शिरला की क्षय झालाच, असे नाही. ज्यांच्या अंगी तो शिरतो, त्यांतल्या शंभरांपैकी नव्वदांना तरी जन्मात क्षय होत नाही. फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. मेला नाही तर भोवती कोट उभारून कोंडून ठेवतात. उपासमारीने किंवा मधुमेहाने पहारा ढिला पडला, की कैदी सुटतो.

आता दगडाची धूळ घ्या. डोळ्यांना दिसते ती बहुतेक नाकाघशात अडकते. घातक ती न दिसणारी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. ती थेट वायुकोशांत उतरते. पहारेकरी पेशी तिलाही गिळते. पण गारगोटी कोणाला पचली आहे? पेशीच मरते, कण मोकळा होतो, तो दुसरी गिळते, तीही मरते. तिथे वण धरतात, फुप्फुस ताठरते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. आणि जंतूला कोंडायचे काम याच पेशींकडे! म्हणून अशा कामगाराला क्षयाचा धोका इतरांच्या कित्येक पट.

आपण सारे पाटीवर पेन्सिलीने धुळाक्षरे गिरवून मोठे झालो. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला त्या पेन्सिली कापणाऱ्यांची तपासणी झाली. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस आढळला. आपली अक्षरओळख कोणाच्या छातीवर झाली, ते पाहा.

सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जंतू बहुधा मरतो. छातीतला दगड राहतो. मात्र कागदावर नुसते ‘क्षय’ असे लिहिले, की मालक सुटला! क्षय काय, कोणालाही होतो. 1948 च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस सरकारला कळवणे बंधनकारक केले. पण निदानच लिहिले नाही तर कळवणार काय? नुकसानभरपाई अडते ती इथेच. म्हणून आमचा कार्यकर्ता रुग्णासोबत जातो तेव्हा डॉक्टरसाहेबांना विनवतो: खोकला किती दिवसांचा हे विचारलेत, आता दगडात किती वर्षे काढली तेही विचारा, आणि एक्स-रे पाहून दोन्ही लिहा.

तोंडाला फडके बांधून ही धूळ थांबत नाही. दगड फुटतो तिथेच पाण्याचा फवारा हवा, यंत्राला धूळ ओढून घेणारा पंखा हवा. आमच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या आधी हेच कलम असते.