गोडाऊनमधल्या रेघा आणि चौकोन

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



कमिटीने मला विषय दिला, 'विसाव्या शतकाच्या अखेरचे शोध'. मोबाईल, इंटरनेट यांवर बोला म्हणाले. पण त्यातलं तुमची मुलंच मला शिकवतील. मी आयुष्यभर इथे दापोड्यातल्या गोडाऊनमध्ये दिवाणजी होतो. त्यामुळे जे रोज हाताखालून गेलं, त्यावरच बोलतो. आपल्या ऑफिसच्या दारावर मेंटेनन्स भरायला तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलाय ना, त्याच्यावर.

काल एका छोट्याला विचारलं, हा कधी आला रे? म्हणाला, यूपीआयबरोबर. यूपीआय आलं २०१६ साली. चौकोन त्याच्या २२ वर्षं आधीचा, १९९४ चा. आणि तो पैशांसाठी जन्मलाच नाही. तो खोक्यांसाठी जन्मला.

आधी नुसत्या रेघा होत्या. जोसेफ वुडलँड नावाच्या अमेरिकन माणसाला तार खात्याची कडकट्ट भाषा, म्हणजे मोर्स, येत होती. समुद्रकिनारी बसून त्याने वाळूत बोटं ओढली आणि त्या टिंब-रेघा खाली लांबवल्या. झाला बारकोड! पेटंट १९५२ चं, पण वाचायला स्वस्त यंत्र नव्हतं. दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली २६ जून १९७४ ला, ओहायो राज्यात, आणि ती होती च्युइंगमची पाकिटं. आपल्याकडच्या बिस्किटपुड्यावर आकडा ८९० ने सुरू होतो. त्याचा अर्थ माल भारतातच बनला असा नाही बरं का, नंबर भारतातून घेतला एवढाच.

या रेघांत जेमतेम वीसेक अक्षरं मावायची. जपानमध्ये डेन्सो कंपनी टोयोटाला मोटारीचे सुटे भाग पुरवायची. तिथे एकेका खोक्यावर अनेक बारकोड, आणि कामगार दिवसभर गन मारून कंटाळलेले. त्यांची तक्रार मासाहिरो हारा या इंजिनिअरने मनावर घेतली. 'गो' नावाचा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ तो खेळायचा, त्यावरून त्याला आडवी-उभी दोन्हीकडे माहिती भरण्याचं सुचलं. सात हजारांवर आकडे मावू लागले. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन यंत्राला सांगतात, मी इथे आहे, कसाही धर. थोडा फाटला, मळला तरी वाचता येतो. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. म्हणून तो आज भाजीवालीच्या गाडीवर आहे.

आता आपल्या गावाचं सांगतो. इथे भाताची खाचरं होती. मुंबईत माल नेला की जकात, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर गोडाऊनं घेतली. माल इकडे ठेवायचा, लागेल तसा आत न्यायचा. माझ्याकडे आवक-जावकची जाड वही. हमाल पहिल्या नगाला 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. मुकादम भिंतीवर खडूने चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारायचा. आमचा बारकोड तोच.

सोसायटी रजिस्टर झाली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मोजणीत १४ पेट्या कमी भरल्या. त्या दिवशीच्या टोळीतल्या एका हमालावर संशय आला. मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, वही बरोबर आहे. त्याला दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं नाही. आठ-दहा दिवसांनी थप्पी हलवली तेव्हा पेट्या सापडल्या. दिसायला सारख्याच, माल वेगळा. मी चुकीच्या पानावर चढवल्या होत्या. त्याला बोलवायला माणूस पाठवला, तर तो खोली सोडून गेला होता. हे मी आजवर घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही.

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे स्कॅनर आले. चुकीची पेटी धरली की गन ओरडते. पहिल्यांदा ओरडली तेव्हा सगळे हसले. मला त्या माणसाचा चेहरा आठवला.

२०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, जकात गेली. गोडाऊनं ओस पडतील असं काही जण म्हणत होते. उलट मोठमोठी झाली, ऑनलाईनवाल्यांचा माल आला. आपल्या सोसायटीतली चार-पाच मुलं-मुली तिथे पिकिंगला जातात. त्यातल्या एकीने मला सांगितलं, "काका, गन पेट्या मोजते तशी मलापण मोजते. तासाला किती उचलल्या, मध्ये किती मिनिटं थांबले, सगळं सुपरवायझरला दिसतं." मी तिला माझी १४ पेट्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या वेळी गन असती तर तो वाचला असता." हो म्हटलं. "आणि पाणी प्यायला गेला असता तर?" यावर मला बोलता आलं नाही. कामगारांचा त्रास कमी व्हावा म्हणून बनवलेली वस्तू आहे, हे तिला सांगायचं मी टाळलं.

तर आपल्या दारावरचा चौकोन. मेंटेनन्स बिनचूक जमा होतो, खजिनदारांची झोप सुधारली आहे, हे मान्य. पण तळमजल्यावरचे आजी-आजोबा अजून नोटा घेऊन येतात आणि पावती मागतात. कमिटीने पावतीपुस्तक बंद करायचं ठरवलं, तेव्हा मी विरोध केला आणि काम माझ्याच गळ्यात पडलं. रविवारी ११ ते १ मी ऑफिसात असतो. पावती हाताने लिहितो, दोनदा वाचतो, आणि पान बरोबर आहे ना ते समोरच्याला बघायला लावतो.