टाचेचे दुखणे आणि पायातली चप्पल

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात अस्थिरोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सांधेरोपण किंवा मणक्याची शस्त्रक्रिया असा एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी सूचना मला झाली होती. मी मात्र चपलेवर बोलणार आहे. टाच दुखते म्हणून बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना शस्त्रक्रियेची गरज भासते. बहुतेकांचा उपचार पायात काय घातले आहे, आणि किती वेळ घातले आहे, येथून सुरू होतो.

तक्रार सर्वांची जवळजवळ सारखीच असते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. आपल्या तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा एक जाड, चिवट पट्टा असतो. त्यास प्लँटर फॅशिया म्हणतात. धनुष्याची दोरी जशी धनुष्याचा बाक राखते, तसा हा पट्टा तळपायाची कमान सावरून धरतो. वाढलेले वजन, आखडलेली पोटरी आणि कठीण जमिनीवर तासन् तास उभे राहणे यांमुळे तो टाचेशी जेथे जोडलेला असतो तेथे झिजू लागतो. रात्री पाय विसावतो, पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलासरशी त्यावर एकदम ताण येतो.

एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला काटा फुटलेला दिसला की घरातील मंडळी घाबरून जातात. असा काटा अनेकांच्या टाचेत असतो आणि त्यांना आयुष्यात कधी त्रास होत नाही. ज्यांना त्रास होतो, त्यांचेही दुखणे काटा जागच्या जागी राहून थांबते. तेव्हा तो काढून टाकण्याचा आग्रह धरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चप्पल दारात काढण्याची आपली रीत स्वच्छतेची आहे आणि तिच्याविषयी मला काही उणे बोलावयाचे नाही. परंतु ती रुजली तेव्हा पायाखाली मातीची सारवलेली जमीन होती आणि स्वयंपाक चुलीपुढे बसून होत असे. आज पायाखाली टाइल्स किंवा ग्रॅनाइट आहे आणि स्वयंपाक ओट्यापाशी उभ्याने होतो. मातीची जमीन थोडी तरी दबते, टाइल दबत नाही. सकाळच्या फेरीसाठी मुलाने हौसेने आणून दिलेले महागडे बूट आईच्या पायात पाऊण तास असतात. उरलेला दिवस ती अनवाणी उभी असते, आणि बूट घेऊनही टाच बरी होत नाही म्हणून बुटांना दोष दिला जातो.

म्हणून पहिला खर्च घरात वापरावयाच्या जोडीवर करावा. ही जोडी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यावयाची नाही आणि ती धुता येण्याजोगी असावी. पलंगापाशीच ठेवावी, म्हणजे सकाळचे पहिले पाऊलही तिच्यातच पडेल. देवघराशी ती काढून ठेवावी, तेवढ्या चार पावलांनी काही बिघडत नाही. स्वयंपाकघरात चप्पल ही गोष्ट सुनेने सांगितली तर काही घरांत रुचत नाही. तेथे खुशाल डॉक्टरांचे नाव पुढे करावे.

जोडी निवडताना किमतीकडे पाहण्यापेक्षा ती हातात घेऊन वाकवून पाहावी. बोटांच्या मुळाशी ती वाकली पाहिजे. मध्यभागी घडी पडत असेल तर परत ठेवावी. टाचेखालचा भाग पुढच्या भागापेक्षा साधारण एक ते दीड सेंटीमीटर उंच असावा आणि मागे पट्टा किंवा टाच धरून ठेवणारी घट्ट वाटी असावी. कमानीखाली थोडा उंचवटा हवा. अंगठ्याने दाबताच खोल रुतणारा स्पंज दुकानात सुखावह वाटतो, परंतु लवकरच सपाट होतो. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. दोन्ही पाय सारखे नसतात, तेव्हा मोठ्या पायाचे माप धरावे आणि उभे राहून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते ना, हे पाहावे. सिलिकॉनची गादी वापरणार असाल तर दुखणारी टाच एकच असली तरी ती दोन्ही पायांत घालावी, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर कुरकुरू लागते.

हवाई चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते आणि टाचेखालीच आधी झिजते. दुखणाऱ्या टाचेला ती सोयीची नाही. कोल्हापुरीबद्दल बोलताना मला जपून बोलावे लागते. कारागिरी म्हणून तिला तोड नाही, पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो. दुखणे असेपर्यंत ती कपाटात राहू द्यावी. चपलेच्या जोडीला पोटरी आणि तळपाय ताणण्याचे व्यायाम रोज करावे लागतात. धीर मात्र हवा. बहुतेकांना आराम पडतो, पण त्यास काही महिने, क्वचित वर्षही लागते.

येथवर सांगितले ते ज्यांना पाय दुखतो त्यांच्यासाठी. ज्यांचा दुखायला हवा असूनही दुखत नाही, त्यांची चिंता आम्हांला अधिक वाटते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसांची संवेदना जाते. चपलेत खडा शिरतो, खिळा वर येतो, वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवा भाजतो आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. जखम चिघळते आणि कधी पाय गमवावा लागतो. हे कोडे प्रथम कुष्ठरोग्यांच्या बाबतीत उलगडले. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, या जखमांचे मोठे कारण वेदना न जाणवणे हे आहे. त्या कामातून मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला पुढे आल्या. आज आपण त्यांना एमसीआर चपला म्हणतो आणि मधुमेहींनाही त्याच देतो. बधिर पायाच्या रुग्णाने घरातही अनवाणी चालू नये, अंगठ्याची चप्पल टाळावी, पायात घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे आणि रोज रात्री तळवे कोणाकडून तरी तपासून घ्यावेत. हे काम नातवंडे आनंदाने करतात, असा अनुभव आहे.

देणगीदारांना एक विनंती. यंत्र एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते आणि त्यावर देणाऱ्याचे नाव कोरता येते. चपलेवर नाव कोरण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि ही चप्पल झिजली की पुन्हा द्यावी लागते. गरीब रुग्ण पहिली जोडी कृतज्ञतेने घेऊन जातो. ती फाटल्यावर दुसरी मागावयास संकोचतो आणि पुढच्या वेळी येतो तो जखम घेऊनच. यासाठी एकवेळच्या देणगीपेक्षा दरवर्षी येणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडेल. विश्वस्तांनी तिचा स्वतंत्र निधी ठेवण्याचा विचार करावा.

आणि रुग्णांसाठी एक सूचना. डॉक्टरांकडे जावयाचे म्हणून आपण ठेवणीतली नवी जोडी घालून येता. कृपया रोजची, झिजलेली चप्पल पिशवीत घालून सोबत आणा. ती कोणत्या बाजूने झिजली आहे, हे आम्हांला पाहावयाचे असते.