घर शोधणाऱ्याची बाजू कोण घेणार?

(युवकांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न पगाराचा वा हुद्द्याचा नव्हता. राहायचे कोठे, हा होता. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. अखेर एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव लिहून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुंबईत मात्र त्यांचे बिऱ्हाड परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या भाड्याच्या चाळीत होते. पुढे दादरला ‘राजगृह’ उभे राहीपर्यंत ते तेथेच राहिले. ही चाळ एका सार्वजनिक संस्थेने बांधलेली होती. आज मला जे सांगायचे आहे, त्याचे सार या दोन जागांमधील फरकात आहे.

शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज सोलापूरहून वा रत्नागिरीहून मुंबईच्या रुग्णालयात नोकरीला येणाऱ्या परिचारिकेचा अनुभव काय आहे? दलाल पहिला प्रश्न विचारतो, “पूर्ण नाव काय?” आपल्याकडे हा प्रश्न आडनावासाठी असतो आणि आडनाव कशासाठी हवे असते, हे विचारणारा व सांगणारा दोघेही जाणतात. मग प्रश्न येतात : मांसाहार करता का, लग्न झाले आहे का, एकट्याच राहणार का? नाव मुसलमानी असेल तर पुढच्या प्रश्नांची गरजही उरत नाही. स्पष्ट नकार सहसा कोणी देत नाही. “जागा कालच गेली,” एवढेच सांगितले जाते. या चाळणीतून पार पडलेल्याला काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे आणि दलाली अशी रक्कम पहिला पगार हाती येण्यापूर्वीच उभी करावी लागते. एवढे करून जागा मिळते ती बहुधा अकरा महिन्यांसाठी.

याचे कारण घरांचा तुटवडा, असे आपल्याला सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने २०११च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की, एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. देशातील शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते. २०११ साली ते २८ टक्क्यांवर आले. घरे बांधली जातात, पण राहण्यासाठी नव्हे, तर पैसा गुंतवून ठेवण्यासाठी. कुलूपबंद घराची किंमतही वाढतच असेल, तर मालकाला भाडेकरूची गरज काय?

येथे आपल्या चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीशी बांधली. फाळणीच्या व टंचाईच्या त्या काळात हा कायदा आवश्यकच होता. गिरणगावातील कामगार त्यामुळेच मुंबईत टिकला आणि आपण त्या कायद्याचे रक्षण केले, याचा मला अभिमान आहे. परंतु तो कायदा जो आत होता त्याचे रक्षण करीत होता. जो दाराबाहेर उभा होता, त्याच्यासाठी त्यात काही नव्हते. बाहेरच्याने पागडी मोजावी किंवा झोपडपट्टीची वाट धरावी. चाळींची दुरुस्ती थांबली, भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे जवळजवळ बंद झाले. मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा आडमार्ग शोधला. १९७३ साली तेव्हाच्या परवानाधारकांना संरक्षण मिळाले, म्हणजे पुन्हा जे आत होते त्यांनाच.

१९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि पारडे मालकाकडे झुकले. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली, ही त्यातील चांगली तरतूद. पण मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूदही त्यातच आहे. अकरा महिन्यांच्या नोकरीला आपण कंत्राटी म्हणतो आणि तिच्याविरुद्ध मोर्चे काढतो. अकरा महिन्यांच्या निवाऱ्याविरुद्ध आपण कधी मोर्चा काढला आहे काय?

भाडेकरूंच्या संघटना आहेत, झोपडीवासीयांच्या आहेत, मालकांच्या तर आहेतच. घर शोधणाऱ्याची संघटना नाही. दर वर्षी मुले शाळेत घालताना पत्ता बदलणाऱ्यांचा मतदारसंघ नसतो. मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या झुंजीतून गोरेगावला हजारो कुटुंबांना घरे मिळवून दिली. ते काम थोर होते, परंतु तीही मालकीचीच घरे. ज्याच्याजवळ खरेदीपुरती पुंजी नाही, त्याचा प्रश्न आपल्याही हातून सुटला आहे.

१९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींचा आता पुनर्विकास होत आहे. तेथील रहिवाशांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे देण्याची ही योजना आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांचा तो हक्कच आहे. परंतु त्याबरोबरच सार्वजनिक मालकीच्या भाड्याच्या हजारो खोल्या शहराच्या हातून कायमच्या जातात आणि त्यांची जागा घेणारी नवी चाळ कोणीही बांधत नाही.

म्हणून आपली पहिली मागणी ही असली पाहिजे : सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक मालकीची, कधीही विकली न जाणारी भाड्याची घरे. त्यांचे भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात असावे आणि वाटप खुल्या यादीने व्हावे. दुसरी, अनामतीवर मर्यादा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात ती राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे. परंतु तो राज्यांवर बंधनकारक नाही. तिसरी, नकाराविरुद्ध कायदा. अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेस मज्जाव करणे १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवले आहे. पण “जागा कालच गेली” या उत्तरापुढे तो लंगडा पडतो. धर्म, आहार वा एकटे राहणे या कारणांवरून होणाऱ्या नकाराला तर तोही लागू होत नाही.

कायदा होईपर्यंत तुम्हा तरुणांना हात जोडून बसण्याचे कारण नाही. आपापल्या वस्तीत नकारांची वही ठेवा. कोणाला, कोणत्या दिवशी, काय कारण सांगून जागा नाकारली आणि तीच जागा पुढे किती दिवस रिकामी राहिली, हे तीत लिहा. आपल्यातील जे स्वतः घरमालक आहेत, त्यांनी आधी आपल्या सोसायटीच्या सभेत उभे राहून बोलावे. समाजवादाची पहिली कसोटी आपल्याच जिन्यावर लागणार आहे.

बाबासाहेबांना बडोद्यात खोटे नाव लिहावे लागले. आज या शहरात दलालापुढे आपले खरे नाव उच्चारताना कोणाचाही आवाज खाली जाऊ नये, एवढे तरी आपण करू शकलो पाहिजे.