तळ्याकाठचे मंत्रिमंडळ
(व्याख्यानाचा मजकूर)



मंत्रिमंडळ हा शब्द आपल्या कानांवर इतक्या वेळा आदळतो की, त्याचा अर्थ विचारण्याचे आपण सोडूनच दिले आहे. विस्तार कधी, खाते कोणाला, बंगला कोणता, नाराज कोण, एवढ्यातच आमची राजकीय जिज्ञासा संपते. बंद दाराआड ही मंडळी बसतात तेव्हा तेथे खरोखर काही घडते काय? हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहोत आणि त्याच्या उत्तरासाठी सातासमुद्रापलीकडे, कॅनडातील क्वेबेक प्रांतात जाणार आहोत.

कॅनडा हे दहा प्रांतांचे संघराज्य आहे. प्रांताची रचना आपल्या घटकराज्याच्या चुलतभावासारखी. राज्यपालाच्या ठिकाणी लेफ्टनंट गव्हर्नर आणि मुख्यमंत्र्याच्या ठिकाणी प्रीमियर. आपल्याकडे २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर बांधून टाकली. तिकडे असा काही बांध नाही. परंतु १८६७ च्या ब्रिटिश उत्तर अमेरिका कायद्याने शिक्षण, नागरी हक्क, जमीन आणि जंगले यांवरील सत्ता प्रांतांच्या हाती दिली. प्रांतातील नद्यांच्या पाण्यावरचा हक्कही त्यांचाच.

सत्ता कागदावर असणे निराळे आणि ती वापरणे निराळे. क्वेबेकमध्ये पाचांपैकी चार माणसे फ्रेंच बोलणारी. पण कारखाना, पेढी, वीज कंपनी यांचा वरचा मजला इंग्रजी बोलत असे. १९६१ च्या जनगणनेवरून केंद्रीय आयोगाने मिळकतीचा हिशेब मांडला, तेव्हा क्वेबेकमधील चौदा वंशगटांत फ्रेंच वंशाचे पुरुष बारावे निघाले! स्वतःच्या प्रांतात, स्वतःच्या बहुमतात, बारावे! कचेरीच्या उंबरठ्यावर आपली भाषा जोड्यांसारखी काढून ठेवून आत शिरावे लागते म्हणजे काय, हे या सभागृहाला आम्ही काय सांगावे?

मोरिस द्युप्लेसी यांनी या प्रांतावर दोन खेपांत मिळून अठरा वर्षे राज्य केले. त्यांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते, पण मत एकच होते. १९५९ मध्ये ते वारले आणि २२ जून १९६० रोजी ज्याँ लसाज यांच्या लिबरल पक्षाने ९५ पैकी ५१ जागा मिळवून सत्ता घेतली. अगदी काठावरचे बहुमत. पण लसाज यांनी जमवलेली माणसे पाहा. रने लेव्हेक हे दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोचलेले पत्रकार, पहिल्यांदाच निवडून आलेले. पॉल जेरँ-लाज्वा हे घटनाशास्त्राचे पंडित. जॉर्ज-एमिल लापाल्म हे पक्षाचे आधीचे नेते. ज्याने आपली गादी घेतली त्याच्याच हाताखाली मंत्री म्हणून बसलेले. आणि जॉर्ज मार्लर, ज्यांच्या शब्दाला इंग्रजी भाषिक धनिकवर्तुळात वजन होते असे सावध गृहस्थ. असे चौघे एका मेजाभोवती बसवणे हे शहाणपण की वेडेपण, असा प्रश्न कोणालाही पडावा.

नैसर्गिक संपत्तीचे खाते लेव्हेक यांच्याकडे आले. त्यांनी पाहिले की, वीज हीच या प्रांताची खाण. सरकारी मालकीची हायड्रो-क्वेबेक ही संस्था १९४४ पासून होती, पण तिचा मुख्य आधार माँट्रिआल परिसर. उरलेला प्रांत खासगी कंपन्यांत वाटला गेला होता. गावागणिक दर निराळा. वायव्येकडील अबितिबी भागात तर सेकंदाला पंचवीस आवर्तनांची वीज आणि इतरत्र साठ! म्हणजे एका भागातील यंत्र दुसऱ्या भागात नेले की निरुपयोगी. १२ फेब्रुवारी १९६२ रोजी, वीज उद्योगातील बड्या मंडळींच्याच समारंभात उभे राहून, लेव्हेक यांनी या कंपन्या सरकारने विकत घ्याव्यात असे सांगून टाकले. मंत्रिमंडळाचा तसा निर्णय झालेला नव्हता. प्रीमियर स्वतः राजी नव्हते. शिस्तप्रिय माणसाला हे वर्तन खपणार नाही, आणि सामुदायिक जबाबदारीच्या दृष्टीने ते गैरच होते असे आम्हांसही वाटते. पण लेव्हेक यांना काढूनही टाकले गेले नाही, ही गोष्ट लसाज यांच्या खाती जमा केली पाहिजे.

उन्हाळाभर धुसफूस चालली. अखेर ४ आणि ५ सप्टेंबर १९६२ रोजी, क्वेबेक शहराच्या उत्तरेस अरण्यात लाक-आ-लेपोल या तळ्याकाठी मासेमारीच्या मुक्कामी, सारे मंत्रिमंडळ एकत्र बसले. लेव्हेक यांनी आकडेवारीनिशी आपली बाजू मांडली. मार्लर यांनी विरोध केला, आणि तो विरोध हास्यास्पद नव्हता. एवढे कर्ज कोण देईल, प्रांताची पत काय राहील, हे प्रश्न कोणी तरी विचारायलाच हवे होते. मग लसाज लापाल्म यांच्याकडे वळले. हा प्रश्न घेऊन निवडणूक लढवावी काय? लापाल्म यांनी होकार दिला. मुदत संपायला अवकाश असता निवडणूक जाहीर झाली. घोषणा होती, ‘आपल्या घरचे धनी आपण’. १४ नोव्हेंबरला ६३ जागा मिळाल्या आणि १९६३ मध्ये अकरा कंपन्या सुमारे साठ कोटी चाळीस लाख डॉलरना घेण्यात आल्या. त्यासाठी न्यूयॉर्कच्या बाजारातून तीस कोटी उभे राहिले. मार्लर मंत्रिमंडळ सोडून गेले नाहीत.

याच मंडळातील एका भगिनीची हकीकत सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. क्लेअर कर्कलंड-कास्ग्रँ डिसेंबर १९६१ मध्ये पोटनिवडणुकीत निवडून आल्या. त्या विधिमंडळातील पहिली स्त्री आणि पुढील वर्षी पहिली स्त्री मंत्री. त्या स्वतः वकील होत्या. पण राजधानीत भाड्याने जागा घ्यायची तर करारावर पतीची सही हवी! कारण तेव्हाच्या कायद्याने विवाहितेला स्वतंत्र व्यवहाराचा अधिकारच नव्हता. ज्या हाताने कायद्याच्या मसुद्यावर सही करायची, त्या हाताची भाडेचिठ्ठीवरची सही रद्दबातल! त्यांनीच १९६४ मध्ये विधेयक आणून ही नामुष्की दूर केली.

जेरँ-लाज्वा यांची झुंज धर्मपीठाशी होती. क्वेबेकमध्ये १८७५ पासून शिक्षणखातेच नव्हते. शाळा बिशपांच्या छायेत चालत. १९६३ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले, तेव्हा हा मंत्री प्रांतभर फिरून लोकांना ते समजावत राहिला आणि १९६४ मध्ये पहिला शिक्षणमंत्री झाला. लापाल्म यांचे दैव मात्र निराळे. सांस्कृतिक व्यवहाराचे नवे खाते आणि १९६१ मध्ये स्थापन झालेली फ्रेंच भाषेची कचेरी ही त्यांची अपत्ये. पण तिजोरीचा हात त्यांच्यापर्यंत आला की आखडे. १९६४ मध्ये ते खिन्न होऊन बाहेर पडले. भाषेच्या नावाने मते आणि भाषेच्या खात्याला चिमूटभर पैसा, हा रोग एकट्या क्वेबेकचा आहे असे कोणी समजू नये.

आणि लोकांनी काय केले? जून १९६६ मध्ये हे मंत्रिमंडळ घरी पाठवले. मते लिबरलांना अधिक, सुमारे सत्तेचाळीस टक्के. जागा मात्र पन्नास. एक्केचाळीस टक्क्यांवर छप्पन्न जागा घेऊन डॅनियल जॉन्सन प्रीमियर झाले. खेड्यांतील शाळा बंद करून मुलांना दूर मोटारीने धाडणे, बदलाचा वेग, ग्रामीण मतदारसंघांचे जादा वजन, अशी अनेक कारणे सांगतात. लेव्हेक १९६७ मध्ये पक्षातून बाहेर पडले, १९७६ मध्ये स्वतः प्रीमियर झाले आणि १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या कायद्याने त्यांच्या सरकारने कामाच्या जागेची भाषा बदलली. पण ते एक स्वतंत्र व्याख्यान होईल.

जॉन्सन यांनी वीज कंपन्या परत केल्या नाहीत. मानिकुआगान नदीवर मॅनिक-५ हे प्रचंड धरण उभे राहत होते. तेथील अभियंते फ्रेंचमध्ये काम करीत होते. २५ सप्टेंबर १९६८ रोजी, उद्घाटनाच्या पूर्वसंध्येला, तेथे जॉन्सन, लसाज आणि लेव्हेक, तीन वाटांना गेलेले तीन पुरुष, हातांत हात घालून उभे राहिले. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच रात्री जॉन्सन यांना झोपेत मृत्यू आला. वर्षभराने धरणाचे उद्घाटन झाले आणि धरणाला नाव मिळाले ते ना लसाज यांचे, ना लेव्हेक यांचे, तर डॅनियल जॉन्सन यांचे.